घनफुटातलं घराणं

नाशिकच्या माणसाला झाडांचं कौतुक उपजतच असतं. ज्या गावाचा सगळ्यांत प्रसिद्ध भाग पाच वडांच्या नावाने ओळखला जातो, तिथे ते असायचंच. त्या पंचवटीतलं पहिलं बांधकाम लक्ष्मणाने केलं. वाल्मीकींनी त्या पर्णकुटीचं वर्णन एखाद्या ओव्हरसियरच्या बारकाईने केलं आहे. खाली माती चोपलेली, भक्कम खांब, लांब बांबूंचे वासे, वर शमीच्या फांद्या. फक्त झाडं तोडायला परवानगी कुणाची घेतली, एवढंच लिहायचं राहून गेलं आहे.

आज तेच काम काढलं असतं, तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली लक्ष्मणाला वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागला असता. त्यात २०२१ची दुरुस्ती अशी की, पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड असेल तर ते वारसा वृक्ष, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. दंडकारण्यात पन्नासच्या आतलं झाड शोधण्यातच वनवासाची चौदा वर्षं संपली असती आणि रावणाला परस्पर न्याय मिळाला असता.

हे सगळं थट्टेचं वाटतं, पण २०२५च्या हिवाळ्यात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली हजाराहून अधिक झाडं तोडण्याची गोष्ट निघाली, तेव्हा एरवी मिसळीच्या तर्रीखेरीज कशावरही एकमत न होणारं आमचं गाव झाडांसाठी रस्त्यावर उतरलं. त्या दिवसांत आमच्या घरीसुद्धा लाकडाचाच विषय चालला होता. फरक इतकाच, की आमचं झाड शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच तोडून झालं होतं आणि आम्ही त्याच्या सावलीऐवजी त्याच्या वाटण्या करत होतो.

जुन्या नाशकात, तिवंध्याच्या बाजूला आमचा वाडा होता. ‘होता’ म्हणायची आता सवय होते आहे. दर पावसाळ्याच्या तोंडाला धोकादायक वाड्यांना नोटिसा येतात. आमच्याकडे ती इतकी वर्षं नेमाने आली, की वटपौर्णिमा जवळ आल्याचं आम्हांला तिच्यावरून कळे. अखेर पाचही वाटेकऱ्यांच्या सह्या झाल्या आणि वाडा उतरवला. विटा-माती गाडीवाल्याने नेली, खांब नि दारं जुना माल घेणाऱ्याने नेली. (आता ती कुठल्याशा रिसॉर्टमध्ये ‘पेशवाई लूक’ देत असतील.) मधल्या चौकातली एक सागवानी तुळई मात्र विकायची नाही, घरातच वाटून घ्यायची, असं ठरलं. बारा फूट लांब, नऊ इंच रुंद, आठ इंच जाड. पाच घरं, एक तुळई. महाभारत याहून कमी भांडवलावर झालेलं आहे.

तुळई टेम्पोत घालून द्वारकेकडच्या एका वखारीत नेली. मध्यमवर्गीय माणसाचा लाकडाशी संबंध टेबलावर टिचकी मारून “सागवानी आहे हो!” म्हणण्यापुरता. तो ओंडक्यांच्या डोंगरात उभा राहिला, की सासरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या जावयासारखा दिसतो. वखारीचे शेठ कच्छी पटेल. तीन पिढ्या नाशकात, मराठी आमच्यापेक्षा अस्खलित, फक्त हिशेब गुजरातीत. समोर एक गोल ओंडका पडला होता. त्यांनी त्याला फीत गुंडाळली. गोलाई चार फूट, लांबी दहा.

“चारला चाराने भागा, एक. एकाचा वर्ग एक. गुणिले दहा. दहा घनफूट,” शेठ म्हणाले.

मी शाळेत शिकलेलं वर्तुळाचं गणित मनातल्या मनात केलं. जवळजवळ पावणेतेरा येत होते. “शेठ, पावणेतीन घनफूट कुठे गेलं?”

“साल, भुसा आन् वाकडेपणा,” शेठ शांतपणे म्हणाले. “झाड काय कंपासपेटी घेऊन वाढतं का, काका?”

नंतर कळलं, की ही रीत एडवर्ड हॉपस नावाच्या एका इंग्रजाच्या कोष्टकांची. १७३६ साली त्याने ती छापली. घेणाऱ्याच्या पदरात फळ्या पडणार किती आणि वाया जाणार किती, याचा अंदाज त्याने मापातच घालून ठेवला. इंग्रज गेले, हॉपस वखारीत राहिला. मला वाटतं, माणसांनाही हे माप लावावं. आमच्या कुळातल्या कित्येकांची गोलाई भरपूर आहे, पण साल, भुसा नि वाकडेपणा वजा केला तर हातात फारसं काही पडत नाही.

आमच्या तुळईला हॉपस लागला नाही. ती चौरसच होती. चोख सहा घनफूट. तिच्या टोकावरची धूळ पुसून आरागिरणीवरच्या म्हाताऱ्या कारागिराने ओल्या फडक्याचा हात फिरवला आणि वर्षावर्षाच्या रेषा वर आल्या. सागाला त्या स्पष्ट दिसतात. मी मोजल्या. सत्तरच्या पुढे गेल्या. वाडा १८९०च्या सुमाराचा. म्हणजे १८१८त पेशवाई बुडाली, त्या आगेमागे हे रोप कुठेतरी रुजलं. काका सांगत, आमचं लाकूड पेठ-सुरगाण्याकडून बैलगाड्यांनी आलं. ते कुणी तोडलं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. वाडा बांधणाऱ्या पणजोबांचं नाव दारावर कोरलेलं होतं. कुऱ्हाड चालवणाऱ्याचं कुठेच नव्हतं.

जंगलातली ही मजुरी अशीच बिननावाची होती. कूप ठेकेदाराच्या हातात, आणि कुऱ्हाड आदिवासीच्या. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या त्या या ठेकेदारीवर उतारा म्हणून. पुढे कायदे घट्ट होत गेले. तोडायच्या झाडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, बाहेर न्यायच्या मालाला वाहतुकीचा पास. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्यानंतर तर विनापरवाना आरागिरण्यांवर देशभर गदा आली. आमच्याच जिल्ह्यात निफाडकडच्या विनायकदादा पाटलांनी १९८०च्या दशकात उलटा विचार मांडला होता: जंगलावर डोळा ठेवण्यापेक्षा शेतातच लाकूड पिकवा. त्यांनी निलगिरी लावायला लावली आणि उत्पादकांची सहकारी संस्थाही काढली. निलगिरीवर पुढे लोकांनी पुष्कळ तोंडसुख घेतलं. पण लाकूड लागतं तर ते कुणीतरी लावायलाही हवं, हा त्यांचा मुद्दा आजही बिनतोड आहे.

आता आमच्या तुळईकडे येतो. कारागिराने तिच्यावर तळहात फिरवायला सुरुवात केली. जुन्या लाकडाला गिरणीवाला भितो तो खिळ्यांमुळे. एक खिळा पट्ट्याच्या करवतीला लागला, की दात गेलेच. त्याने सतरा खिळे उपटले. मग एका टोकापासून तीन फुटांवर थांबला. तिथे लोखंडाची जाड कडी होती, पार आत मुरलेली.

“ही निघत नाही. एवढा तुकडा कापून टाकू. जळाऊ म्हणून द्या कुणाला.”

ती पाळण्याची कडी होती. घरातलं प्रत्येक मूल तिच्याखाली रडलेलं. मी फोनवर सर्व वाटेकऱ्यांना ही बातमी कळवली, आणि ज्यांना कालपर्यंत तुळईचं कोणतं टोक कुठे होतं हे ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांना तो जळाऊ तुकडाच हवासा झाला. पुण्याच्या भावाला त्याचा दिवा करायचा होता, धाकट्याला ‘वॉल पीस’. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडाही नव्हता, नुसती कडी होती.

तेवढ्यात रिक्षातून आत्या उतरली. वय चौऱ्याऐंशी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. वाड्याच्या कागदावर तिची एकच सही होती, चाळीस वर्षांपूर्वीची, हक्कसोडपत्रावर. आमच्या आधीच्या पिढीत बहिणींनी ती राखी बांधल्यासारखी सहज करायची असे. ती एका ओंडक्यावर बसली, शेठच्या नोकराने दिलेला चहा बशीत ओतून प्यायली आणि म्हणाली, “कडीचा तुकडा मला द्या.”

मी चाचरत म्हटलं, “आत्या, कागदोपत्री...”

“कागद मी वाचला होता रे,” आत्या म्हणाली. “त्यात वाडा होता, जमीन होती, विहीर होती. कडी नव्हती. तुम्हां पाचांना त्या पाळण्यात कुणी झोपवलं, ते कुठल्या कागदावर आहे सांग.”

फोन मी स्पीकरवर ठेवला होता. पुण्याहून काही आवाज आला नाही.

शेठनी कारागिराला खूण केली. पट्टा फिरू लागला आणि सव्वाशे वर्षं धूर खाल्लेल्या त्या लाकडातून असा वास सुटला, जणू झाड आत्ताच पाडलं आहे. आठ इंचांतून सात फळ्या निघाल्या. आठवीचा भुसा झाला. हॉपसचं म्हणणं पटलं.

मिस्त्रीने फळ्या बघून सांगितलं, “सहा पाट होतात, आणि राहिलं तर सगळ्यांना एकेक भिंतीतली फळी.” वाटेकरी पाच असताना त्याने सहा पाट कसे धरले, हे मी विचारलं नाही. वखारीत एकूण माणसं कोण कोण बसली आहेत, ते त्याने नजरेने मोजलं असावं.

सहा घरी सहा पाट गेले. फ्लॅटमध्ये जमिनीवर बसून जेवणारं आता कुणी नाही. गुडघे हॉपसच्या हिशेबातले, वाकडेपणा धरूनच मोजावे लागतात. पण गेल्या भाऊबीजेला आत्याने हुकूम काढला, ज्याने त्याने आपला पाट घेऊन यायचं. पाचही जण आले, पुण्याचासुद्धा, पाट काखेत मारून, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलांसारखे. बसताना कण्हलो, उठताना एकमेकांना हात दिला. ओवाळणीची ताटं मात्र आम्ही या खेपेला जरा जास्त जड केली होती.

कडीचा तुकडा आत्याच्या दारात आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती तो उंबऱ्याशी सरकवून ठेवते. परवा मी म्हटलं, “आत्या, एवढा भांडून घेतलास, आणि त्याला दारापाशी टाकलास?”

“टाकला नाही, कामाला लावलाय,” ती म्हणाली. “साग आहे तो. बसून खाणाऱ्यांतला नाही.”