हो, नाही, किंवा प्रश्न सोडा

लंब्रिज नावाच्या गावात एक किल्ला आहे आणि त्याच्या तळमजल्यावर स्वयंपाकघर. तिथला आचारी रडकुंडीला येऊन उभा असतो. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय, आणि त्याच्याकडे अंडं नाही, दूध नाही, पीठ नाही. आणून द्याल का, असं तो विचारतो. मी हो म्हटलं आणि पुढचा सव्वा तास हिंडत राहिले. अंडं कोंबड्यांच्या वाड्यात सापडलं. दुधासाठी बादली लागते हे कळायला बराच वेळ गेला. पिठाचं काम सगळ्यात मोठं. शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या पार वरच्या मजल्यावर चढून तो चक्कीत ओतायचा, खटका ओढायचा, पुन्हा खाली उतरून पीठ भांड्यात भरून घ्यायचं. भांडं किल्ल्यातच राहिलं होतं. ते आणायला परत गेले. शेवटी तिन्ही वस्तू आचाऱ्याच्या हातात ठेवल्या तेव्हा फोनवर फटाके वाजल्यासारखं संगीत वाजलं आणि मला खरोखर आनंद झाला.

ओल्ड स्कूल रूनस्केप या गेममधलं हे अगदी पहिलं, शिकाऊ माणसाचं काम. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम खेळत होते.

त्याआधीची तेहतीस वर्षं मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं. मिरज, तासगाव, पलूस, कडेगाव या भागातल्या पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या. गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. तो नववीत असल्यापासून हा गेम खेळतो. त्या वेळी घरी इंटरनेट नव्हतं, शाळेमागच्या सायबर कॅफेत जायचा, आणि क्लासची फी तिथे जाते की काय या शंकेनं मी त्याला किती बोलले असेन याची मोजदाद नाही. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा मीच म्हटलं, बाबा रे, एवढी वर्षं तू जिथे जात होतास ते मला एकदा दाखव. त्यानं माझ्या फोनवर गेम घालून दिला.

पहिले पंधरा दिवस मला काही म्हणता काही कळत नव्हतं. कोळंबी भाजायला टाकली की करपायची. शेजारून माणसं धावत जात, चमकत्या चिलखतात, आणि आपसात जे लिहीत त्यातला एक शब्द ओळखीचा नसे. ही खरी माणसं आहेत, जगभरात कुठे कुठे बसलेली, हेही मनाला पटायला वेळ लागला. मग एक दिवस मी व्हॅरॉक शहराच्या वायव्येला असलेल्या ग्रँड एक्स्चेंजमध्ये पोचले. आपल्या मार्केट यार्डासारखी जागा. सगळा खरेदी-विक्रीचा व्यवहार तिथे. गर्दीत एक जण उभा राहून सांगत होता, दहा हजार नाणी द्या, वीस हजार परत घेऊन जा. आधी छोट्या रकमा तो खरंच दुप्पट करून देत होता. एवढ्या अनोळखी जगात ही एक गोष्ट मला पुरती ओळखीची होती. दामदुपटीत बुडालेल्या ठेवीदारांचे अर्ज मी वाचलेले आहेत. मी पुढे निघाले.

तिथेच बँकेजवळ मतदानाचा बूथ दिसला.

मुलाला फोन करून विचारलं, हे कसलं मतदान? तो म्हणाला, "आई, गेममध्ये नवीन काही आणायचं असेल तर कंपनी आधी आम्हाला विचारते. सत्तर टक्के लोक हो म्हणाले तरच ते येतं. तू आत्ता उभी आहेस ना, ते ग्रँड एक्स्चेंजसुद्धा 2015 मध्ये मतदान होऊनच आलं."

कंपनी विचारते, या वाक्याशी मी अडखळले. कंपनी सांगते, कळवते, दर वाढवते. विचारते कुठे? त्यानंतर मी त्याला रोज रात्री फोन करून खोदून खोदून विचारलं. हिशेब तपासताना माणूस मागच्या वर्षांच्या वह्या मागतो तसं.

रूनस्केप 2001 च्या जानेवारीत आला. अँड्र्यू गॉवर या इंग्लंडमधल्या तरुणानं भाऊ पॉलसोबत तो रचला. त्यांची जॅगेक्स ही कंपनी केंब्रिजची. 2007 च्या अखेरीला कंपनी एका खऱ्या संकटात सापडली. गेममधली नाणी बाहेर खऱ्या पैशांना विकणाऱ्या टोळ्या माजल्या होत्या आणि त्यात चोरीची क्रेडिट कार्डं वापरली जात होती. कंपनीनं उपाय म्हणून खेळाडूंमधली मोकळी देवघेवच बंद केली, आणि रानातल्या मोकळ्या लढायाही. चोर गेले असतील, पण मित्राला साधी भेट देणंही अवघड होऊन बसलं. लोक गेममध्येच चौकात जमून निषेध करू लागले. पुढे तीन वर्षांनी कंपनीनं खेळाडूंना विचारलं, जुनी मोकळीक परत हवी का? बारा लाखांवर मतं पडली, 91 टक्के हो. 1 फेब्रुवारी 2011 ला ती परत आली.

इतकं होऊनही 2012 च्या नोव्हेंबरात कंपनीनं लढाईची सगळी पद्धतच बदलून टाकली. हजारो तास घालून ज्यांनी हात बसवला होता त्यांचा हात एका दिवसात निरुपयोगी झाला. माणसं सोडून जाऊ लागली. तेव्हा कंपनीला आपल्याकडे ऑगस्ट 2007 चा एक बॅकअप शिल्लक असल्याचं सापडलं. साडेपाच वर्षांपूर्वीचा गेम, जसाच्या तसा. फेब्रुवारी 2013 मध्ये पुन्हा मतदान ठेवलं, हा जुना गेम उघडू का? जवळपास साडेचार लाख मतं आली. मतदान चालू असतानाच, 22 फेब्रुवारीला, तो उघडला. आज मी खेळते तो हाच.

ही तारीख ऐकली आणि मी गप्प झाले. त्या फेब्रुवारीत मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. रात्री दीड वाजता तो संगणकापुढे बसून एक आकडा वाढताना बघत होता. मी विचारलं तर म्हणाला, आई, मतदान चालू आहे. परीक्षा तोंडावर आलेली, मी काही न बोलता इंटरनेटची वायर काढून ठेवली. त्याला जे हरवलं होतं ते परत मिळणार की नाही याचा तो निकाल होता, हे मला बारा वर्षांनी समजलं.

पण मी लेखापरीक्षक आहे, आणि आमच्या कामात एक सवय लागते. संस्था किती लोकशाहीवादी आहे हे मंजूर ठरावांवरून कळत नाही. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द मी इतक्या इतिवृत्तांत वाचले आहेत की त्यांचा अर्थ माझ्यापुरता संपला आहे. एका संस्थेत मी शुक्रवारी गेले होते. वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी होती. इतिवृत्ताचं पुस्तक मागितलं तर रविवारच्या सभेचे सगळे ठराव सुवाच्य अक्षरात लिहून तयार, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं. सभेत काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, वाचून संपायच्या आत पुढच्या दोन रांगांतून मंजूर, मंजूर असा गजर होतो. कायदा आहे 1960 चा. उपविधी बदलायला हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं लागतात. सभासद त्या संस्थेचा मालक आहे. तरी त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून मी मुलाला विचारलं, नामंजूर झालेले ठराव सांग. कंपनीला हवं होतं, लोक नाही म्हणाले, आणि कंपनीनं ऐकलं, असं काही आहे का?

आहे. सुरुवातीला मंजुरीला 75 टक्के लागत. 2022 मध्ये ते 70 वर आणलं. त्या 75 च्या काळात, 2019 मध्ये, वॉर्डिंग नावाचं एक नवं कौशल्य कंपनीनं मांडलं. जादूची वस्त्रं तयार करण्याचं. कंपनीच्या लोकांनी त्यावर पुष्कळ काम केलं होतं, आराखडे दाखवले होते, लोकांच्या सूचनांवरून ते बदलले होते. मतदानात बहुमत हो म्हणालं, पण 75 टक्के भरले नाहीत. कौशल्य आलं नाही. नौकानयनाचं कौशल्य त्याआधीच, 2015 मध्ये, असंच पडलं होतं. ते 2023 मध्ये पुन्हा मांडलं, तेव्हा मंजूर झालं, आणि प्रत्यक्ष आलं ते नोव्हेंबर 2025 मध्ये. 2013 पासून या गेममध्ये आलेलं हे पहिलंच नवं कौशल्य. त्या आठवड्यात मुलानं दोन दिवस रजा काढली होती. यावेळी मी काहीही म्हटलं नाही.

वॉर्डिंगची हकिगत ऐकल्यावर मला या मतदानावर विश्वास बसला. साध्या बहुमतानं जे जिंकलं असतं ते बाजूला ठेवायचं, आपल्या माणसांचे महिने वाया गेले तरी ठेवायचं, हे तेहतीस वर्षांत मी फार थोड्या संस्थांत पाहिलं. आणि इथे तर खेळाडू भागधारकही नाहीत. ते वर्गणी भरणारे गिऱ्हाईक. त्यांना विचारा असं कुठल्या कायद्यानं सांगितलेलं नाही. एकदा त्यांचा विश्वास घालवल्यावर कंपनीनं आपलेच हात बांधून घेतले, आणि ते बांधलेले दिसतील अशा ठिकाणी, गेमच्या भर बाजारात, बूथ उभा केला.

सगळंच मतदानाला टाकत नाहीत, आणि इथे मी पुन्हा गोंधळले होते. चुका दुरुस्त करणं, फसवणुकीला आळा घालणं, गेमचा तोल राखणं हे कंपनी स्वतःच्या अधिकारात करते. ते ठीक. पण 2017 च्या जूनमध्ये समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या अभिमान महिन्यासाठी गेममध्ये एक छोटा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यावर मतदान घेतलं नव्हतं. काही खेळाडूंनी निदर्शनं केली, आम्हाला का विचारलं नाही म्हणून. कंपनी मागे हटली नाही. सुरुवातीला मला वाटलं, हा नियमाचा भंग आहे. नियम म्हणजे नियम. दोन दिवस डोक्यात तेच होतं. मग लक्षात आलं की कुठल्याही गावच्या सभेत, अमुक माणसानं गावात राहावं का, हा विषय पत्रिकेवर येता कामा नये. पन्नास जण हो म्हणाले तरी येता कामा नये. मी आता कंपनीच्या बाजूची आहे.

चुका त्यांनी त्यानंतरही केल्या. 2021 मध्ये एका चाहत्यानं दोन वर्षं खपून गेमचं चित्र अधिक देखणं करणारी जोडणी तयार केली होती. ती बाहेर पडण्याच्या अगदी तोंडावर कंपनीनं त्याला थांबायला सांगितलं. लोक पुन्हा गेममध्ये जमले, सदस्यत्वं रद्द करू लागले, आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं समझोता करून ती येऊ दिली. 2025 च्या जानेवारीत एका पाहणीत, स्वस्त वर्गणी हवी असेल तर जाहिराती चालतील का, अशा तऱ्हेचे प्रश्न विचारले. एवढा संताप उसळला की मुख्य अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली. दरम्यान कंपनीचे मालकही बदलत गेले. 2021 मध्ये कार्लाइल, 2024 मध्ये सीव्हीसी, दोन्ही मोठ्या गुंतवणूक संस्था. अशा मालकांना तिमाहीचा आकडा लागतो, हे मी जाणते. बूथ मात्र अजून जागेवर आहे. तो हलला तर काय होईल हे त्या इमारतीतल्या प्रत्येकाला 2012 पासून माहीत असावं.

मत द्यायचा हक्क नव्या माणसाला लगेच मिळत नाही. पैसे भरून सदस्य व्हावं लागतं आणि कौशल्यांची ठरावीक बेरीज गाठावी लागते. मला हे पटलं. काल आलेल्यानं गावचं पाणी कुठून न्यायचं ते ठरवू नये. मी एका महिन्याची वर्गणी भरली. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तासभर बसायची. लाकडं तोडली, मासे धरले, तांबं आणि कथील वितळवून कांसं केलं. कोळंबी करपायची थांबली.

पुढच्या मतदानाच्या वेळी मी बूथपाशी गेले. प्रत्येक प्रश्नाखाली तीन पर्याय असतात. हो, नाही, आणि प्रश्न सोडा. सोडलेला प्रश्न टक्केवारीत धरत नाहीत. मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला. बरेचसे मोठ्या राक्षसांच्या लढायांबद्दल होते, जिथे मी अजून गेलेले नाही. मुलगा फोनवर होता, म्हणाला, सगळ्यांना हो करून टाक, चांगलेच आहेत. मी म्हटलं, मंजूर मंजूर करायला मी इथे आलेले नाही.

चौदा प्रश्नांपैकी अकरा मी सोडले. दोनांना हो म्हटलं, एकाला नाही.