काळाची बोली, पात्राची बोली

‘वेस्टर्न’ लिहू पाहणाऱ्या लेखकासमोर पहिला पेच उभा राहतो तो संवादांचा. एकोणिसाव्या शतकातील गुराखी, शेरीफ, सोन्याच्या शोधात निघालेली माणसे जशी बोलत तशीच ती बोलली, तर आजच्या वाचकाला ती कशी ऐकू येतील?

‘डेडवुड’ (२००४–२००६) या दूरचित्रवाणी मालिकेत डेव्हिड मिल्च यांना हाच प्रश्न पडला. १८७६ च्या डाकोटा प्रदेशातील त्या वस्तीत शिव्यांचा जोर ईश्वरनिंदेवर होता. तेव्हा त्या ऐकणाऱ्याला हादरवीत. आज त्यांचे हसू येते. मिल्च यांनी शिव्या आजच्या घेतल्या, वाक्यांची वळणे मात्र व्हिक्टोरियन ठेवली. शब्द बदलला, आघात राखला.

चार्ल्स पोर्टिस यांनी ‘ट्रू ग्रिट’ (१९६८) या कादंबरीत वेगळी वाट धरली. चौदाव्या वर्षी घडलेली हकिगत मॅटी रॉस उतारवयात सांगते. इंग्रजी बोलण्यात सहज येणारे शब्दसंक्षेप तिच्या कथनात विरळाच; त्यात दरोडेखोरही घडीव भाषा बोलतात. हा जुनेपणा कोशातून आलेला नाही. धर्मनिष्ठ, हिशेबाला चोख अशा स्त्रीच्या स्वभावातून तो आला आहे.

दोघांनीही काळाची निव्वळ नक्कल केलेली नाही. मृतांचे शब्द जसेच्या तसे उतरविल्याने त्यांना न्याय मिळतोच असे नाही. त्यांचा संताप आज विनोदी वाटला, तर ती माणसेच विनोदी ठरतात. म्हणून ‘तेव्हा कसे बोलत’ या प्रश्नाआधी ‘कोण, कोणाशी, कशासाठी बोलत आहे’ या प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी असावे लागते.