विहारातली पेटी

गेल्या वर्षी माघ पौर्णिमेच्या चार दिवस आधी आमच्या वसाहतीतल्या एका मावशींचे घर भरदिवसा फुटले. मावशी रुग्णालयात सफाईचे काम करतात. यजमान वारल्यावर दोन मुलींना त्यांनी एकटीने वाढवले. थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी भिशीतून उचललेले ४२ हजार रुपये त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. सकाळी त्या कामावर गेल्या, मुली शाळा-कॉलेजात गेल्या. दुपारी येऊन पाहतात तो कडी उचकटलेली आणि पेटी रिकामी!

आमची गल्ली सहा फुटांची. एका घरात मिरचीची फोडणी पडली की समोरच्या घरात ठसका लागतो. अशा गल्लीत कडी उचकटल्याचा आवाज कुणालाच कसा आला नाही? पोलीस आले, पंचनामा झाला, घरोघरी विचारपूस झाली. सगळीकडे एकच उत्तर, "आम्ही काही पाहिलं नाही, साहेब."

ते उत्तर देणाऱ्यांत मीही होतो. आणि मी पाहिले होते.

त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला होता. लेटमार्कच्या धास्तीने मी धावतच निघालो होतो. मावशींच्या बोळातून दोन पोरे पिशवी घेऊन बाहेर पडताना मला दिसली. त्यांतला एक माझ्या मित्राचा मुलगा, वय १९. त्या मित्राबरोबर मी वीस वर्षे जयंतीची वर्गणी गोळा केली आहे. पोराने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी पुढे गेलो. संध्याकाळी चोरीची बातमी कळली तेव्हा सारे ध्यानात आले, पण तोंड उघडले नाही. मित्राच्या पोराचे आयुष्य आपण का बिघडवायचे, अशी मी मनाची समजूत घातली. खरे कारण वेगळे होते. मला भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी पौर्णिमेला विहारात वंदना झाली. खोटे बोलणार नाही, चोरी करणार नाही, असे सर्वांबरोबर मीही हात जोडून म्हटले. मावशी माझ्या पुढच्याच ओळीत बसल्या होत्या. घरी आल्यावर सौभाग्यवतीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही चार दिवस झोपला नाहीत. काय पाहिलंय ते मला तरी सांगा." मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला सांगून काय होणार? मावशींना सांगा."

मी मावशींना सांगितले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पोलीस ठाण्यात गेलो आणि स्वतःच्या नावाने जबाब दिला. मुलगा पकडला गेला. २७ हजार परत मिळाले, उरलेले खर्च होऊन गेले होते. मुलगा पुढे जामिनावर सुटला. त्याचे वडील तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. उलट चार दिवसांची शरम अजून मनात आहे. पण त्यातूनच एक प्रश्न उभा राहिला. मला नाव देऊन बोलता आले, कारण मी पुरुष आहे, कायम नोकरीत आहे, चार माणसे मला ओळखतात. समोरच्या खोलीत भाड्याने राहणारी, धुणीभांडी करणारी बाई कशी बोलणार? तिची मुलगी त्याच बोळातून रात्री क्लासवरून येते. तिने पाहिले असेल तर तिने काय करावे?

याचे उत्तर शोधताना मला वाचनात आलेली एक हकिगत आठवली. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात आल्बुकर्की नावाचे शहर आहे. तिथे १९७६ च्या जुलै महिन्यात पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा गोळी घालून खून झाला. दोन आठवड्यांवर त्याचे लग्न आले होते. तपास पुढे सरकेना. ग्रेग मॅकअलीस नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने ओळखले की कुणीतरी काहीतरी पाहिले आहे, पण बोलत नाही. न बोलण्याची कारणे दोनच, भीती किंवा बेपर्वाई. भीतीवर उपाय म्हणून त्याने सांगितले, नाव सांगू नका. बेपर्वाईवर उपाय म्हणून बक्षीस जाहीर केले. स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राकडून त्याने त्या घटनेचा देखावा करून दाखवला. ७२ तासांच्या आत एका माणसाचा फोन आला. त्याने मोठा आवाज ऐकला होता आणि भरधाव जाणारी मोटार पाहिली होती. त्यावरून गुन्हेगार सापडले. हीच क्राइम स्टॉपर्स योजनेची सुरुवात. पुढे ती अनेक देशांत गेली. ब्रिटनमध्ये ती १९८८ साली सुरू झाली.

या योजनेत मला दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक म्हणजे बक्षिसाचा पैसा पोलिसांचा नसतो. नागरिकांचे मंडळ देणग्या गोळा करते आणि तेच बक्षीस ठरवते. दुसरी म्हणजे माहिती देणाऱ्याला नावाऐवजी एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावरच त्याला बक्षीस मिळते. १९९७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर असा निकाल दिला की ज्या माहितीवरून निनावी माणूस ओळखू येईल, ती माहितीही उघड करता येणार नाही.

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. गर्भलिंग निदान करणाऱ्या केंद्राची माहिती देणाऱ्यास महाराष्ट्र शासन बक्षीस देते. त्या योजनेचे नावच खबऱ्या बक्षीस योजना असे आहे.

मी विहाराच्या बैठकीत हा विचार मांडला. 'खबऱ्या' हा शब्द तोंडातून निघाला आणि बैठक पेटली.

आमच्यातले सर्वांत वडीलधारे आजोबा, वय ८४, काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, "माझा बाप येसकर होता. गावात चोरी झाली की माग काढायला आधी त्याला पिटाळायचे. माग लागला नाही तर शिव्या आणि मार. हद्दीचं भांडण झालं की साक्षीला त्यालाच उभं करायचे. आन मजुरी काय, तर शिळे तुकडे. बाबासाहेबांनी ते वतन मोडायला १९२८ साली कौन्सिलात बिल आणलं. शेवटी १९५९ साली वतन गेलं. आन तू आता पुन्हा आमच्या पोरांना येसकर करतोस काय?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात एक कार्यकर्ता उठला. "दादा, ११ जुलै १९९७ विसरलात काय? घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली १० माणसे गेली. त्या पोलिसांना आपण चिठ्ठ्या पोचवायच्या?" मी विसरलो नव्हतो. तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या आठवड्यात आमच्या घरी धड चूल पेटली नव्हती.

बैठक तिथेच मोडायची. पण कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमची एक मुलगी बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वडिलांवर ते काम जातीमुळे लादलं होतं, आणि ते गावासाठी होतं. इथे कुणावर सक्ती नाही, आणि काम आपल्याच मावशीसाठी आहे. पोलिसांचं म्हणाल तर त्यांच्यावर विश्वास नाही, म्हणूनच नाव द्यायचं नाही. खैरलांजी आठवा. सुरेखाताई आणि प्रियंका भोतमांगे यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींची नावं उघडपणे सांगितली. २९ सप्टेंबर २००६ ला त्या मायलेकींना आणि दोन्ही मुलांना जिवे मारलं. खरं बोलणाऱ्याला आपण काय संरक्षण दिलं?"

विहारात कुणी हलले नाही.

मग तिने कायदा समजावून सांगितला. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती देणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये होते, आता नव्या संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही. हे पुराव्याच्या जुन्या कायद्यात कलम १२५ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात १३१ मध्ये आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. हे सारे कागदावर आहे, पण वस्तीत कुणाला माहीत नाही.

आजोबा खाली बसले. म्हणाले, "पण पोरी, खोटी चिठ्ठी आली तर? आपल्याच पोराचं नाव कुणी दुष्मनीनं टाकलं तर?"

हा सर्वांत मोठा धोका होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले, ते निव्वळ अफवेवर. अफवा आणि माहिती यांतला फरक न समजणाऱ्या वस्तीने अशी पेटी ठेवूच नये.

म्हणून तीन बैठका घेऊन आम्ही नियम केले. चिठ्ठीत स्वतः पाहिले तेवढेच लिहायचे, ऐकीव नको. घरगुती भांडणे, कुणाचे कुणाशी संबंध, नळाचे पाणी, असल्या चिठ्ठ्या तिथेच फाडायच्या. कोणत्याही चिठ्ठीवरून वस्तीने कुणाला हात लावायचा नाही, जाब विचारायचा नाही. चिठ्ठी उघडायची ती तिघांनी मिळून, त्यांत दोन महिला. गुन्ह्याची बाब असेल तर मजकूर नव्या कागदावर उतरवून वकिलामार्फत द्यायचा, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. मूळ चिठ्ठी जाळायची. पेटीला दोन कुलपे. ती विहाराच्या वाचनालयात ठेवायची, कारण तिथे पेपर वाचायला सगळेच येतात. कोण कशाला आले ते कळत नाही.

बक्षिसाच्या पैशाचा हिशेब माझ्याकडे आला. बी. कॉम. झालो, अठरा वर्षे कारकुनी केली, पण असा हिशेब कधी लिहिला नव्हता. दर घरामागे महिना १० रुपये, २६० घरे, म्हणजे २,६०० रुपये जमा. जमेची बाजू सोपी होती. खर्चाच्या बाजूला पैसे घेणाऱ्याचे नाव आणि सही नसेल तर व्हाउचर कसले? शेवटी मावशींच्या धाकट्या मुलीने तोड काढली. चिठ्ठी लिहिणाऱ्याने आपल्याजवळच्या दहाच्या नोटेचा क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा आणि नोट जपून ठेवायची. माहिती खरी निघाली तर तो क्रमांक फळ्यावर लागेल. जो कुणी ती नोट आणून दाखवील, मग ते लहान मूल का असेना, त्याला ग्रंथपालांनी काही न विचारता पाकीट द्यायचे. व्हाउचरवर नोटेचा क्रमांक आणि समितीतल्या दोघांच्या सह्या. माझी वही बिनचूक जुळली.

खरे सांगण्याचे पैसे घ्यावेत काय, असेही काहींनी विचारले. मला वाटते, ती सत्याची किंमत नव्हे. रोजंदारी करणाऱ्याच्या जोखमीची ती वस्तीने ठेवलेली जाण आहे. परदेशातला अनुभवही असा आहे की अनेकजण बक्षीस न्यायला येतच नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांत १४ चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या नऊ भांडणाच्या, फाडल्या. तीन महापालिकेच्या कामाच्या, त्या अर्ज करून पाठवल्या. एकीत काही तथ्य निघाले नाही. एक चिठ्ठी मात्र पेन्सिलीने, मोडक्या अक्षरात लिहिलेली होती. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नशेच्या गोळ्या कोण, किती वाजता विकतो, हे तिच्यात होते. आम्ही रीतसर पोचवली. पंधरा दिवसांनी विकणारा पकडला गेला. नोटेचा क्रमांक फळ्यावर लागला, हजार रुपयांचे पाकीट तयार झाले. अजून ते कुणी नेले नाही. दर महिन्याच्या शेवटी हिशेब मांडताना 'देणे बाकी १,०००' असे मी लिहितो, आणि प्रत्येक वेळी बरे वाटते.

अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. भगवंतांनी त्याचे गुन्हे झाकले नाहीत आणि त्याला परतीची वाट बंदही केली नाही. म्हणून आमच्या निधीतला एक हिस्सा वाट चुकलेल्या पोरांसाठी ठेवायचे ठरले. मित्राच्या मुलाच्या आयटीआयच्या फीचा ठराव मीच मांडला. मावशींनी त्याला अनुमोदन दिले. मुलाने अर्ज भरला आहे. त्याच्या वडिलांनी अजून सही केलेली नाही.

मी रोज सकाळी स्टेशनला जाताना त्यांच्या दारावरून जातो आणि जयभीम करतो. उत्तर येत नाही. पण परवा पावसात गल्ली तुंबली होती, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी दारातली फळी सरकवून वाट करून दिली.

बंधुभगिनींनो, आपल्या विहारात पेटी ठेवायची असेल तर आधी नियम करा आणि मग कुलूप आणा. ज्याला नावाने बोलता येते त्याने नावानेच बोलावे. ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी पेटी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!