जुन्या जीपची धांव

पनवेल म्हटलें कीं आजच्या मुलांस द्रुतगति महामार्ग, कळंबोलीचीं लोखंडाचीं गोदामें आणि रेल्वेचें स्थानक यांचीच आठवण होते. परंतु आपल्या या गांवाची जुनी कीर्ति निराळी होती. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत पनवेलच्या ज्या एका धंद्याचा आवर्जून उल्लेख सांपडतो, तो धंदा म्हणजे बैलगाडीचीं चाकें बनविण्याचा होय. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. आणि देशावरून माल घेऊन घाट उतरणारा गाडीवान, ऐपत असली तर, येथून चाकांची एक जोडी विकत घेऊनच परत फिरे. तुंबा, आरे, धांव हे शब्द तेव्हां येथील लहानथोरांच्या तोंडीं असत. आज ते वर्गांत विचारले तर दोन-चार हात वर होतात. आम्ही पुढें जी हकीकत सांगणार आहों ती एका जुन्या जीपगाडीची आहे. पण ती या चाकांपर्यंत कशी जाऊन पोंचते, हें वाचकांस दिसून येईलच.

जीप ही मुळांत लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. पुढें १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें महिंद्र कंपनीनें परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून जीप उभी केली, आणि हळूहळू तिचे भाग आपल्याच देशांत बनूं लागले. आमच्या थोरल्या बंधूंची जीप १९६८ सालची, उंच बॉनेटची. तिच्या इंजिनांत पेट्रोल व हवा आंत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या वर असतात, आणि जळलेला वायु बाहेर टाकणाऱ्या झडपा बाजूस असतात. त्यामुळें इंजिनाची उंची वाढली, आणि त्याबरोबर बॉनेटचीहि. प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून भर पावसाळ्यांत आजारी माणसांस दवाखान्यांत आणण्याचें काम या गाडीनें पुष्कळ वर्षें केलें. दादा वारल्यानंतर ती चिंचेखालीं अकरा वर्षें उभी होती. भंगारवाला तीनदां येऊन वजनाचा भाव सांगून गेला. वहिनींचें म्हणणें एवढेंच होतें, "विकायची तर चालती करून विका; तोडायला देऊं नका."

जुन्या मुंबई-पुणें रस्त्यालगत एका वृद्ध मिस्त्रींचें गॅरेज आहे. गाडी ओढून तेथें नेली, आणि उन्हाळ्याच्या सुटीपासून दिवाळीपर्यंत दर शनिवारीं दुपारीं आम्ही तेथें जाऊं लागलों. आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आमच्यामागून येऊं लागला. भूमितीच्या तासाला या मुलाचें लक्ष सदा खिडकीबाहेर असे. गॅरेजांत मात्र तो मापांची वही हातांत घेऊन तासन् तास उभा राही.

बॉडी उचलून बाजूला ठेवल्यावर खालीं उरली ती चेसिस. बैलगाडीला जसा साटा, तशी मोटारीला चेसिस. सगळा भार तिच्यावर. मिस्त्रींनीं रंगाकडे न पाहतां हातोडी घेतली आणि वीत-वीत अंतरावर ठोकत गेले. धड लोखंडाचा आवाज खणखणीत येई. जेथें बद्द आवाज आला तेथें त्यांनीं खडूनें खूण केली. मागच्या पाट्यांच्या टेकूजवळ चिखल सांचून लोखंड आंतून कुजलें होतें, आणि बाहेर रंग चकचकीत होता. तेवढा भाग कापून नवा जाड पत्रा वेल्डिंगनें बसविला.

त्याआधीं मात्र एक काम झालें होतें. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या चार जागांवरून ओळंबा सोडून मिस्त्रींनीं जमिनीवर चार खुणा केल्या, आणि आडवीं-तिरपीं मापें घेतलीं. एक तिरपें माप दुसऱ्यापेक्षां अर्धा इंच जास्त भरलें. "कधींतरी कोपऱ्याला जबर मार बसलाय," मिस्त्री म्हणाले. आमचा विद्यार्थी वहींतून मान वर करून म्हणाला, "सर, आयताचे कर्ण सारखे असतात. म्हणजे ही चौकट आयत राहिली नाहीं?" जो सिद्धांत फळ्यावर त्याच्या मनास शिवला नव्हता, तो त्याला तेलकट फरशीवर भेटला. साखळ्या व जॅक लावून दोन शनिवार खपल्यावर दोन्ही कर्ण जुळले.

"एवढा त्रास घेण्यापेक्षां दुसरी चेसिस आणावी," असें कोणी सुचविलें. पण चेसिसवर ठोकलेला क्रमांक हीच गाडीची ओळख. इंजीन बदललें तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीनें नोंदणींत तसा बदल करून घेतां येतो; चेसिसच गेली म्हणजे दादांची गाडी गेली.

याच सुमारास त्या मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते मालमोटारीवर चालक आहेत. ते म्हणाले, "सर, आमचा आजा इथंच चाकं करायचा. मी ट्रक हांकतो. तीन पिढ्या हात काळे झाले. ह्याला तरी खुर्चीवर बसूं द्या. शाळाच त्याला गॅरेजचा नाद लावायला लागली, तर आम्ही कुणाकडं पाहायचं?" त्यांचें बोलणें खोटें नव्हतें, त्यामागें वीस वर्षांचें जागरण होतें. आम्हीं इतकेंच म्हटलें, "येत्या शनिवारीं एकदां स्वतः येऊन पाहा. मग तुम्ही सांगाल तसें करूं."

त्या वेळीं इंजीन उघडलें होतें. सिलिंडर वरच्या अंगास अधिक झिजतो, कारण तेथें उष्णता व दाब फार आणि तेल थोडें. मुळांतला दंडगोल त्यामुळें किंचित् शंकूसारखा झाला होता. माप घेतलें तों असें दिसलें कीं, पूर्वीं एकदां तो चाळीस सहस्रांश इंच रुंद करून झाला होता. आणखी कापण्यास जागा उरली नव्हती. म्हणून चारही सिलिंडरांत नव्या नळ्या दाबून बसविल्या, आणि मूळ मापाचे पिस्टन घातले. चार सिलिंडरांत ठिणगी १-३-४-२ या क्रमानें पडते. हा क्रम मुलानें वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता.

शनिवारीं त्याचे वडील आले आणि दारांतच उभे राहिले. त्या दिवशीं फ्लायव्हीलची दातेरी कडी बदलावयाची होती. इंजीन सुरू करतांना स्टार्टर याच कडीच्या दातांत अडकतो, आणि ते दांते पार झिजले होते. नवी कडी थंड असतां बसत नाहीं. तिचा आंतला व्यास मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असतो. मिस्त्रींनीं ती सगळीकडून सारखी तापविली, सांडशीनें उचलली आणि एका दमांत फ्लायव्हीलवर सोडली. निवतांना ती आकसली आणि जागच्या जागीं आवळून बसली.

वडील केव्हां जवळ येऊन गुडघ्यांवर बसले तें आम्हांस कळलेंहि नाहीं. ते म्हणाले, "आजा धांव अशीच चढवायचा. पण तो लगेच पाणी ओतायचा, लाकूड जळूं नये म्हणून."

"हिच्यावर ओतायचं नाहीं," मिस्त्री म्हणाले, "दांते तडकतील. आपली आपण निवूं द्यायची."

मग बराच वेळ ते आपल्या मुलास आजोबांच्या भट्टीविषयीं सांगत होते. ही हकीकत मुलानें पूर्वीं कधीं ऐकलेली नव्हती. जातांना ते आम्हांस म्हणाले, "दहावी होईपर्यंत फक्त शनिवार. पुढचं पुढं पाहूं." आम्हीं तें मान्य केलें.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत गाडी आपल्या बळावर गॅरेजाबाहेर आली. परिवहन कार्यालयांत निरीक्षकांनीं चेसिसचा क्रमांक पुस्तकाशीं ताडून पाहिला, ब्रेक व दिवे तपासले, आणि नोंदणी पांच वर्षांसाठीं वाढवून मिळाली. वहिनींनीं विकण्याचें नांव अद्याप काढलेलें नाहीं. त्या मुलाचे भूमितीचे गुण थोडे वाढले आहेत. फार वाढले आहेत असें म्हणवत नाहीं. त्याचें पुढें काय होईल, तो खुर्चीवर बसेल कीं जॅक लावील, हें ठरविणें आमच्याकडे नाहीं. पण दोहोंपैकीं कांहींहि केलें तरी घरांतील एका धंद्याची लाज वाटून तो तें करणार नाहीं, याचा आम्हांस संतोष वाटतो.

पालकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या हातांचें काम मुलांपासून लपवूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, या सुटींत घरांतील वडील माणसांस तुंबा, आरे व धांव म्हणजे काय तें विचारा. कदाचित् त्यांच्यापैकीं कोणी ती चढवितांना डोळ्यांनीं पाहिलेली असेल.