मुक्या रोग्यांचे वैद्य

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून डॉक्टर, वकील, प्राध्यापक पुष्कळ झाले. गुरांचा डॉक्टर मात्र क्वचितच. जवळच महूला १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असूनही!

नातीने हीच वाट धरायची म्हटले, तेव्हा घर गप्प झाले. मी तिला एका निवृत्त पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी उपदेश केला नाही. तिला गोठ्यात उभे केले. “आधी नुसती बघ. रवंथ करते का? शेण कसे आहे? मग डाव्या कुशीवर मूठ ठेव. मिनिटाला एक-दोनदा पोट हलायला हवे.” रोगी बोलत नाही, म्हणून वैद्याने अधिक ऐकायचे.

पुढे त्यांनी गिधाडांविषयी सांगितले. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन ती मरत होती. संशोधकांनी २००४ मध्ये हे कारण प्रसिद्ध केले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. दवाखाना, दुग्धव्यवसाय, लसनिर्मिती, वन्यजीव या सगळ्या वाटा याच विद्येतून फुटतात, हे तिला तेथे उमगले.

मलाही एक उमगले. मुलांना व्यवसाय निवडायला सांगताना आपण त्याची प्रतिष्ठा सांगतो. त्यांना काम दाखवत नाही. ते दाखवायला त्यात आयुष्य घालवलेला माणूसच लागतो.