सरांचा टीटीएल

ग्राहकांना चालू साइटकडे वळवणारा आल्टिऑनचा स्विच मला सरांनी शिकवला, पण कमांड त्यांनी कधीच आधी सांगितली नाही. आधी कोरा कागद. एका टोकाला ग्राहक, मध्ये त्याचा रिझॉल्व्हर, पलीकडे मुंबई आणि चेन्नई या आमच्या दोन साइट. "हं, विचार नाव," म्हणायचे. मग प्रश्न कुठून कुठे जातो ते मी बोटाने दाखवायचं.

डीएनएसच्या मुख्य झोनमध्ये ग्राहक विचारतो त्या एका नावापुरते एनएस रेकॉर्ड घालून उत्तराचा अधिकार दोन्ही शहरांतल्या स्विचांकडे सोपवलेला असे. स्विच आपल्यामागच्या सर्व्हरांची तब्येत तपासत राहतो, ती डीएसएसपी या प्रोटोकॉलने दुसऱ्या साइटला कळवतो, आणि विचारणाऱ्याला चालू साइटचा आयपी देतो. रेकॉर्ड दोन्ही स्विचांचे हवेतच, हा सरांचा हट्ट. मुंबईच बंद पडली तर ते सांगायला मुंबईचा स्विच कुठून येणार?

त्यांचा खरा जीव मात्र टीटीएलमध्ये, म्हणजे उत्तराच्या मुदतीत. दिलेलं उत्तर रिझॉल्व्हर मुदत संपेपर्यंत जपून ठेवतो. मुदत ३६०० सेकंदांची असेल, तर साइट पडल्यावरही लोक तासभर तिथेच धडकू शकतात. ६० ठेवली की प्रश्नांचा भार वाढतो. तो आपण सोसायचा, असं त्यांचं मत. "स्विचला लगेच कळेल रे. त्या माणसाला कधी कळणार, ते बोल." साइट हलवायची ठरली की टीटीएल आदल्या दिवशीच उतरवायला लावत, म्हणजे जुनी लांब मुदतीची उत्तरं तोवर विरून जात.

पॉल मोकापेट्रिस यांचे १९८७चे आरएफसी १०३४ आणि १०३५ मी वाचले ते सरांच्याच प्रतीतून. समासात पेन्सिलीने मराठी टिपणं होती. मला डीएनएस कळलं त्याचं बरंचसं श्रेय त्या टिपणांना आहे.

ग्राहकाला जवळची साइट निवडून देण्याच्या स्विचच्या सोयीवर सर विसंबत नसत. ग्राहक कोल्हापूरचा, पण रिझॉल्व्हर दिल्लीत असला तर स्विचला दिसते दिल्लीच. पुढे २०१६ मध्ये आरएफसी ७८७१ आला. रिझॉल्व्हरने ग्राहकाच्या आयपीचा काही भाग प्रश्नासोबत पाठवायचा, अशी पद्धत त्यात मांडली होती. सर तेव्हा निवृत्त झाले होते. मी उत्साहाने फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तो कुठून बोलतोय ते आपल्याला कळणार. त्याला विचारलंय का कुणी?"

मी आरएफसी पुन्हा उघडला. ही सोय मुळात बंदच ठेवावी, अशी शिफारस त्यातच केलेली होती, आणि कारण दिलं होतं ग्राहकाच्या खासगीपणाचं.