इस्राएल आळींतील प्रार्थनामंदिर

अलिबाग म्हटलें कीं कुलाब्याचा किल्ला, आंग्र्यांचें आरमार, नारळीपोफळीच्या वाड्या आणि ओहोटी लागल्यावर किल्ल्यापर्यंत चालत जाण्याची मौज, एवढेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. मांडव्यास उतरून गांवांत आलेला प्रवासी तडक समुद्राची वाट धरतो. त्याच गांवांत इस्राएल आळी नांवाची एक आळी आहे, आणि तींत १८४८ सालीं स्थापिलेलें व १९१० सालीं नव्यानें बांधलेलें यहुदी लोकांचें एक प्रार्थनामंदिर आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या गांवींही नसते. मागेन आबोथ, म्हणजे पूर्वजांची ढाल, असें त्याचें नांव. कोंकणी आळी, मराठी शेजार आणि त्यांत हें इब्री नांवाचें देवघर. हा योग कसा जमून आला, आणि येथें भक्तीबरोबर विद्येची जोपासना कशी झाली, याची हकीगत प्रत्येक मराठी कुटुंबानें ऐकण्यासारखी आहे.

हे लोक स्वतःस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, असें म्हणवितात. त्यांची परंपरागत कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. समुद्रानें किनाऱ्यास लावलेलीं प्रेतें त्यांनीं तेथेंच पुरलीं. त्या दफनभूमीवर आज स्मारकस्तंभ उभा आहे. ही घटना कोणत्या शतकांत घडली याविषयीं विद्वानांत एकवाक्यता नाहीं. परंतु कथेंतील मर्म असें कीं, गलबताबरोबर त्यांच्या पोथ्याही बुडाल्या. वांचलेल्यांस कोंकणानें आसरा दिला. ते तेलाचा घाणा चालवूं लागले. शनिवारीं घाणा जुंपावयाचा नाहीं, हा त्यांचा नेम पाहून गांवकऱ्यांनीं त्यांस 'शनिवार तेली' हें नांव दिलें. ज्या गांवीं वस्ती त्या गांवावरून आडनांव, ही आपल्याकडील रीत त्यांनींही उचलली. म्हणून त्यांच्यांत किहीमकर, नवगांवकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीं आडनांवें आढळतात. शमुवेलाचा सामाजी झाला आणि यहेज्केलाचा हसाजी झाला. स्त्रिया लुगडें नेसूं लागल्या आणि गळ्यांत मंगळसूत्र घालूं लागल्या.

पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. इब्री अक्षर वाचणारा कोणी उरला नाहीं. शनिवारचा विसांवा, आठव्या दिवशीं मुलाची सुंता, कांहीं सण व उपास, खाद्याखाद्याचा विवेक आणि 'शेमा' नांवाची, देव एकच आहे अशी ग्वाही देणारी, एक छोटीशी प्रार्थना एवढीच शिदोरी त्यांच्यापाशीं राहिली. जन्म असो, लग्न असो, मृत्यु असो, प्रत्येक प्रसंगीं तेंच एक वाक्य म्हणावयाचें. सणांचीं मूळचीं नांवेंसुद्धां विस्मरणांत गेलीं आणि त्यांच्या जागीं नव्याचा सण, खिरीचा सण अशीं घरगुती मराठी नांवें आलीं. परंपरा असें सांगते कीं, दावीद रहाबी नांवाचा एक यहुदी विद्वान कोंकणांत आला असतां त्यानें या लोकांची परीक्षा पाहिली. त्यानें निरनिराळ्या जातीचे मासे घरांतील बायांपुढें ठेविले. त्यांनीं पंख व खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले व बाकीचे शिजविण्याचें नाकारलें. मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा नेमकी हीच आहे. त्यानें या लोकांस आपले म्हणून ओळखलें आणि त्यांच्यांतील तरुणांस इब्री शिकविलें. पुरुषांच्या हातची पोथी गेली असतांही स्वयंपाकघरांत धर्म शाबूत राहिला होता, हें या आख्यायिकेचें तात्पर्य आमच्या भगिनीवर्गास विशेष रुचेल.

पुढील इतिहास आख्यायिकेचा नव्हे, सनावळीचा आहे. मुंबईचें पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेंतील अंमलदारानें बांधलें. टिपूच्या कैदेंतून सुटल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यानें नवस केला होता, असें सांगतात. शार हारहामीम, दयेचें द्वार, हें त्याचें नांव. लोक मात्र त्यास जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर हें नांव त्यावरूनच पडलें असें पुष्कळांचें म्हणणें आहे. १८२६ च्या सुमारास कोचीनचे यहुदी शिक्षक कोंकणांत व मुंबईंत येऊं लागले. प्रार्थनेचे पाठ, स्वर व विधि त्यांनीं शिकविले. १८३२ सालीं मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें. विल्सन यांचा हेतु धर्मांतराचा होता, परंतु फळ निराळेंच निघालें: बेने इस्राएलांनीं त्यांच्याकडून व्याकरण घेतलें आणि आपल्याच धर्माचीं पुस्तकें वाचावयास आरंभ केला. ख्रिस्ती झाले ते अगदींच थोडे.

यापुढें जें घडलें तें मराठी भाषेस भूषणावह आहे. योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनीं इब्री प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठींत आणिले. मुंबई विश्वविद्यालयाचे ते इब्री भाषेचे परीक्षक होते. हाईम शमुवेल केहीमकर (१८३०-१९०८) यांनीं १८७५ सालीं मुंबईस आपल्या समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढली आणि पुढें समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ सालीं छापला गेला. वल्हांडण सणाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा नांवाची पोथी १८७४ सालीं पुण्यांत मराठी भाषांतरासह निघाली. ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत छापली गेली. मिसर देशांतील दास्यांतून सुटलेल्या इस्राएलांची कथा अग्निहोत्र्यांच्या छापखान्यांतून बाहेर पडावी, यापरतें शेजारधर्माचें सुंदर उदाहरण कोणतें? त्या पोथींतील एका चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करीत असलेल्या दाखविल्या आहेत. ज्यांची विद्या समुद्रानें नेली होती, त्यांच्या घरीं ती मराठीच्या खांद्यावर बसून परत आली.

आतां प्रार्थना प्रत्यक्ष कशी चालते तें पाहूं. अलिबागेस आज घरें थोडीं उरलीं आहेत. म्हणून भरलेलें प्रार्थनामंदिर पाहावयाचें तर ठाण्यास किंवा मुंबईस जावें. ठाण्याचें शार हाशामायीम, म्हणजे स्वर्गद्वार, १८७९ सालचें आहे. यहुद्यांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून शब्बाथ शुक्रवारीं सायंकाळींच लागतो. घरीं गृहिणी दिवा लावते. मद्याच्या ऐवजीं मनुकांच्या सरबतावर आशीर्वचन म्हणतात. प्रार्थनामंदिरांत मूर्ति नसते. पश्चिमेच्या भिंतींत, म्हणजे यरुशलेमच्या दिशेस, पडद्याआड एक कपाट असतें. त्यास हेखाल म्हणतात. आंत नियमशास्त्राच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. समोर अखंड दिवा तेवतो. मध्यभागीं कठड्याचा एक चौथरा असतो, त्याचें नांव तेबा. त्यावर उभा राहून हझान, म्हणजे प्रार्थना म्हणविणारा, सूर लावतो आणि बाकीची मंडळी त्यास साथ देतात. पुरुषांनीं डोकें झांकलेलें असावें लागतें. बायकांची बसण्याची जागा बहुधा वेगळी असते.

शनिवारीं सकाळीं हेखाल उघडून गुंडाळी बाहेर काढतात, तेव्हां सारी सभा उभी राहते. ही गुंडाळी कातड्यावर हातानें लिहिलेली असते, आणि एक अक्षर चुकलें किंवा पुसलें तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनास अयोग्य ठरते. तींत स्वरचिन्हें नाहींत, विरामचिन्हें नाहींत. मोडी वाचतांना ऱ्हस्वदीर्घ जसें वाचणाऱ्याच्या जाणतेपणावर सोडलेलें असतें, तसेंच हें. फक्त येथें उच्चारच काय, प्रत्येक शब्दाची चालही आधीं गुरुमुखांतून शिकून यावें लागतें. वर्षाच्या आठवड्यांत वांटून मोशेचीं पांचही पुस्तकें वाचून पुरीं करावयाचीं, आणि शेवटचें पान संपतांच त्याच सणास पहिल्यापासून आरंभ करावयाचा. तेरा वर्षांचा मुलगा या वाचनास प्रथम उभा राहतो तो त्याच्या घरचा मोठा दिवस. आपल्याकडे मुंजींत बटूस मंत्र देतात आणि मग अध्ययन सुरू होतें. तेथें अध्ययन करून मुलगा सभेपुढें येतो. घनपाठी वैदिकाचें मोल ज्यास कळतें, त्यास या मुलाच्या कांपऱ्या सुराचें मोलही कळेल.

प्रार्थना संपल्यावर 'हातबोशी' होते. शेजाऱ्याचा हात आपल्या हातांत घ्यावयाचा, आणि मग आपलीं बोटें ओठांस लावावयाचीं. वडीलधाऱ्यापासून पोरासोरांपर्यंत हा स्पर्श साऱ्या सभेंतून फिरतो. नवसाच्या किंवा मंगल प्रसंगीं 'मलिदा' करतात: ताटांत ओलें खोबरें व साखर घातलेले भिजविलेले पोहे, वर फळें आणि सुका मेवा. एलिया प्रवक्त्याचें नांव घेऊन तें वांटतात. अलिबागजवळ खंडाळें नांवाचें गांव आहे, बोरघाटांतील खंडाळा नव्हे. तेथील एका खडकावर एलियाच्या रथाची खूण उमटली आहे अशी या लोकांची श्रद्धा आहे.

या समाजाची आणखी एक निर्मिति म्हणजे कीर्तन. आपल्या हरिदासांचीं कीर्तनें ऐकून मुंबईच्या बेने इस्राएलांनीं १८८० सालीं स्वतःचें कीर्तन उभें केलें. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें; चाली मात्र साकी, दिंडी, ओवी, आर्या अशा ओळखीच्या. ज्यांस इब्री येत नव्हतें त्या आजीबाईंना व लेंकरांना धर्मकथा कळाव्या हा त्यामागील हेतु. उसन्या घेतलेल्या दिव्यानें स्वतःचें घर उजळावें आणि दिवा देणाऱ्याचें घरही अंधारूं नये, असा हा व्यवहार झाला.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि पुढील कांहीं दशकांत या समाजापैकीं बहुतेक लोक तिकडे गेले. त्यांस येथून कोणीं हांकललें नाहीं. ओढ होती ती प्रार्थनेंतील यरुशलेमची. तेथें मात्र एक कडू अनुभव वांट्यास आला. १९६२ सालीं तेथील धर्मपीठानें त्यांच्या विवाहप्रसंगीं वंशाची चौकशी करण्याचे नियम घातले. दोन हजार वर्षांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांस आपल्याच घराच्या उंबरठ्यावर पुरावा मागितला गेला. त्यांनीं आंदोलन केलें, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी होत असें जाहीर केलें. ज्या कोंकणी शेजाऱ्यांचा धर्म निराळा, त्यांनीं असा दाखला कधीं मागितला नव्हता. इस्राएलांत गेलेल्यांनीं मराठी टाकली नाहीं. 'मायबोली' नांवाचें मराठी त्रैमासिक त्यांनीं तेथें काढलें. इकडे २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली.

हिंदुस्थानांत आज सर्व प्रकारचे यहुदी मिळून सुमारें पांच हजार उरले आहेत. यहुदी सामुदायिक प्रार्थनेस परंपरेनें दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले तर कांहीं प्रार्थना म्हणतां येत नाहींत आणि गुंडाळीही वाचावयास काढीत नाहींत. त्यामुळें रेवदंडा, पेण, पनवेल, अलिबाग अशा ठिकाणीं इमारत शाबूत, गुंडाळी शाबूत, वाचणाराही एखादा आहे, परंतु दहावा माणूस कोठून आणावा, हा प्रश्न उभा राहतो. सणावारीं मुंबईठाण्याकडील मंडळी आलीं म्हणजे दारें उघडतात आणि आळी पुन्हां गजबजते.

या समाजानें एकदां आपली सारी विद्या गमावून ती परत मिळविली. त्यावेळीं त्यांच्यापाशीं पुस्तक नव्हतें, पण माणसें होतीं. एकत्र बसणारीं, नेम पाळणारीं, जें एक वाक्य उरलें होतें तें प्रत्येक प्रसंगीं म्हणणारीं. आज पुस्तकें आहेत आणि माणसें विखुरलीं आहेत. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या, आणि आजोबांबरोबर संध्या किंवा स्तोत्र म्हणावयास मुलांस वेळ कसा काढावा या विवंचनेंत असणाऱ्या आपल्या वाचकांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. पुढच्या खेपेस अलिबागेस जाल तेव्हां समुद्राआधीं अर्धा तास इस्राएल आळीस द्यावा. डोकें झांकून घ्यावें, जो कोणी देखरेखीस असेल त्यास नम्रपणें विचारावें आणि मुलांस बरोबर न्यावें. स्वागत मराठींतच होईल.